वीस श्रग, दोन बाळंतविडे आणि एका हंगामाचा हिशेब

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडच्या बाजूला राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. सोसायटीत सगळे त्यांना काकू म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात घेतले आहेत. घरगुती कामं करणाऱ्या बायकांचे हिशेब मांडून देणं हे माझं काम. काकूंची वही माझ्याकडे आली ती हंगाम संपल्यावर.

काकू दोन सुयांवर विणायला शिकल्या त्या आईकडून, थोडं शाळेतल्या शिवणाच्या तासाला. घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला त्यांचा एक संच ठरलेला: स्वेटर, टोपडं, पायमोजे. आधी नात्यात, मग सोसायटीत, मग सोसायटीतल्या सुनांच्या माहेरी असं ते पसरत गेलं. बाळंतविडा सजवून देण्याची पद्धत पुण्यात चांगली टिकून आहे. झबली, लंगोट, दुपटी, कुंच्या सगळं तयार मिळतं, पण त्यात एक तरी वस्तू हातानं विणलेली असावी असं बऱ्याच आज्यांना वाटतं. २०२० च्या टाळेबंदीत सुनेनं काकूंच्या कामाचे फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकायला सुरुवात केली आणि अनोळखी लोक दर विचारू लागले. त्यानंतर बाळांचे संच, बायकांसाठी श्रग, म्हणजे कपड्यांवरून घालायचे स्वेटरसारखे जाकीट, आणि अधूनमधून एखादी जाळीदार वीण असलेली शाल, म्हणजे हल्ली ज्याला रॅप म्हणतात ती, असं तीन तऱ्हेचं काम सुरू झालं.

दर लावायची काकूंची रीत सरळ होती: लोकरीचे पैसे गुणिले तीन. ही रीत त्यांच्या एकट्यांची नाही. विणणाऱ्या बऱ्याच बायका असाच दर लावतात, कारण दुकानातली पावती हाच हातात असलेला एकमेव आकडा असतो. श्रगला २५० ग्रॅम ॲक्रिलिक लागतं, १०० ग्रॅमला १०० रुपयांप्रमाणे २५० रुपये, तिप्पट ७५०. बाळाच्या संचाला १४० ग्रॅम बारीक बेबी लोकर, १०० ग्रॅमला १५० रुपयांप्रमाणे २१० रुपये. तिप्पट ६३०, त्याचे सरळ ७०० करून टाकलेले.

गोम इथेच आहे. श्रगसाठी काकू जाडसर धागा आणि ८ नंबरची सुई वापरतात. त्यात दहा सेंटिमीटरच्या चौकोनात साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात, म्हणजे सहाशेच्या वर टाके. बाळाच्या बारीक लोकरीला १० नंबरची सुई (नंबर वाढला की सुई बारीक होते), तिथे तेवढ्याच चौकोनात २८ टाके आणि ३६ ओळी, म्हणजे हजाराच्या वर. वजन निम्म्याजवळ आलं तरी टाके कमी होत नाहीत. आम्ही नंतर धाग्याच्या लांबीवरून अंदाज काढला तेव्हा दोन्हींत पन्नास हजारांच्या आसपास टाके निघाले, आणि काकूंचा वेळही दोन्हींना सारखाच लागत होता: साधारण वीस तास. लोकर आणि बटणं वजा करता श्रगमागे तासाला २४ रुपये सुटत होते, बाळाच्या संचामागे २३. पोळ्या करायला येणाऱ्या बाई तासाला याच्या कितीतरी पट घेतात. काकूंना हे आकडे तेव्हा माहीत नव्हते. त्यांच्या लेखी महिनाअखेरीला डब्यात काही नोटा उरत होत्या आणि हात मोकळे नव्हते, तेवढं पुरेसं होतं.

प्रसंग

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका कपड्यांच्या दुकानातून फोन आला. दुकानदारीण बाईंनी काकूंचा मरून श्रग कुणाच्या तरी अंगावर पाहिला होता. तसेच ३० हवे होते, सगळे एकाच रंगात, २० ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या आधी विक्रीला लावता येतील असे. दर ६५० रुपये, पैसे माल मिळाल्यावर ३० दिवसांनी.

त्याच वेळी काकूंच्या वहीत दोन बाळंतविडे नोंदलेले होते. एकीची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुसरीची नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दोन्ही जुनी गिऱ्हाइकं, त्यामुळे आगाऊ पैसे कुणी दिले नव्हते आणि काकूंनी मागितलेही नव्हते. शिवाय ब्रिटनमध्ये असलेल्या भाचीसाठी मेरिनो लोकरीचा एक रॅप अर्धा विणून बाजूला ठेवलेला होता.

तीस श्रग, प्रत्येकी वीस तास: सहाशे तास. हातात आठ आठवडे. रोज सुट्टी न घेता दहा-अकरा तास विणलं तर काम होणार, आणि काकूंचं मनगट चार-पाच तासांच्या वर साथ देत नाही. मधे गणपती (७ सप्टेंबर), गौरी, आणि ३ ऑक्टोबरपासून नवरात्र. हा गुणाकार फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत कागदावर होण्यासारखा होता. तो झाला नाही, कारण तेव्हा घरात चर्चा चालली होती ती "एवढी मोठी ऑर्डर" या दोन शब्दांभोवती.

समोर असलेले पर्याय

काकांचं म्हणणं, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. सुनेचं म्हणणं नेमकं उलट: "आई, दुकानवाल्यांना एकदा सवय लागली की तुम्ही त्यांच्या नोकर व्हाल." दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. प्रत्यक्षात चार वाटा होत्या.

पहिली, नाही म्हणणं. यात पैसे जात नव्हते, पण दुकानाचं दार बंद होत होतं, आणि काकूंना त्या दाराचं मोल वाटत होतं. चार भिंतींत वर्षानुवर्षं केलेल्या कामाला दुकानाच्या काचेत जागा मिळणार होती. हिशेबाच्या वहीत या गोष्टीला रकाना नसतो. तरी निर्णयात तिचा वाटा सगळ्यात मोठा होता असं माझं मत आहे.

दुसरी वाट विणकाम यंत्राची. ओळखीच्या एका बाईंकडे हातानं चालवायचं सपाट यंत्र होतं. त्यावर एका श्रगचे भाग तीन-चार तासांत निघतात, नंतर फक्त जोडायचे. पण दुकानाला माल हवा होता तो हातविणीचा म्हणून, तसं लेबल लावून. काकूंनी ही वाट एका वाक्यात मोडीत काढली: "लेबल ती लावेल, पण सोसायटीतली बाई मलाच विचारेल ना!" त्यांचं बरोबरच होतं. शिवाय यंत्रावरचा माल विकायचा तर सामना थेट तिबेटी स्वेटरवाल्यांशी. थंडी पडली की शहरात त्यांचे स्टॉल लागतात, लुधियानाचा यंत्रावरचा माल असतो, आणि त्या दरात पुण्यातल्या घरी बसून काहीच विणता येत नाही.

तिसरी, मदतनीस घेऊन तीसच्या तीस करणं. चौथी, संख्या आणि अटी बदलून मागणं.

काकूंनी चौथी निवडली आणि इथे त्यांनी चांगलं काम केलं. दुकानदारीण बाईंना त्या समोर जाऊन भेटल्या, फोनवर बोलल्या नाहीत. घासाघीस होऊन ठरलं ते असं: २० श्रग, दर ७५०, एक तृतीयांश रक्कम म्हणजे ५,००० रुपये आगाऊ, बाकी ३० दिवसांनी. माल परत घ्यायचा झाल्यास कोणत्या कारणानं, हे मात्र बोलण्यात आलं नाही. तोंडी सौद्यात हा मुद्दा नेहमी राहतो, कारण सौदा जमत आलेला असताना मोडण्याची भाषा कुणाला नको असते.

वीस श्रग म्हणजे तरीही चारशे तास. काकू स्वतः सहा करणार, चौदा दोन मदतनिसांना देणार असं ठरलं. एक शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका, दुसरी भाजीवालीची सून, हाताला चपळ. लोकर काकूंची, विणून देण्याचे श्रगमागे ३५० रुपये. जोडणं, बॉर्डर आणि बटणं काकूंकडे.

काय झालं

*लोकरीची खरेदी.* आगाऊ मिळालेले ५,००० आणि वीस श्रगांना लागणाऱ्या ५ किलो लोकरीचे पैसे बरोबर जुळत होते. काकूंनी मात्र अडीच किलोच आणली. दुकानानं मधेच ऑर्डर फिरवली तर एवढी मरून लोकर घरात पडून राहील ही भीती. भीती समजण्यासारखी आहे, पण लोकरीच्या बाबतीत ती महागात पडते. कारखान्यात एका वेळी रंगवलेल्या मालाला एक लॉट नंबर असतो, तो प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवर छापलेला असतो. शेड नंबर तोच असला तरी पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा किंचित हलते. सप्टेंबरअखेरीला काकू उरलेली अडीच किलो आणायला गेल्या तेव्हा जुना लॉट संपला होता. दुकानात ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे एकसारखे दिसले. पुढे एकदा घरी गॅलरीत उन्हात शेजारी ठेवले तर एक मरून होता आणि दुसरा जांभळाकडे झुकलेला.

काकूंना यावरचा उपाय ठाऊक होता: एका वस्तूत दोन लॉट मिसळायचे नाहीत, आणि मिसळावेच लागले तर दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या असं विणत न्यायचं, म्हणजे डोळ्याला सीमा दिसत नाही. पण तोवर शिक्षिकाबाईंच्या दोन श्रगांच्या पाठी जुन्या लॉटमध्ये झाल्या होत्या आणि बाह्या नव्या लॉटमध्ये सुरू होऊन कोपरापर्यंत आल्या होत्या. उसवायला सांगायचं काकूंच्या जिवावर आलं. त्यांनी तसंच पुढे जाऊ दिलं.

*हाताचा ताण.* प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणी धागा बोटावर आवळून धरते, कुणी मोकळा सोडते. काकूंनी दोघींना ८ नंबरच्याच सुया दिल्या आणि पाठीसाठी ९० टाके घालायला सांगितले. शिक्षिकाबाईंची पाठ ४१ सेंटिमीटर भरली, काकूंच्या स्वतःच्या मापासारखी. भाजीवालीच्या सुनेची ४५. दहा सेंटिमीटरमध्ये २२ ऐवजी २० टाके, एवढ्याच फरकानं हे होतं. पहिले दोन नग हातात आल्यावर हे लक्षात आलं.

इथे काकूंनी दोन गोष्टी केल्या. भाजीवालीच्या सुनेला ९ नंबरच्या सुया दिल्या आणि आधी हातरुमालाएवढा नमुना विणून आणायला लावला. त्यात टाके मोजून मगच पुढचे श्रग सुरू केले. आणि ते दोन सैल झालेले नग उसवण्याऐवजी दुकानदारीण बाईंना फोन करून सरळ विचारलं, "दोन मोठ्या मापाचे चालतील का?" त्या खूशच झाल्या, सगळे एकाच मापाचे विकायचे कसे हा प्रश्न त्यांनाही होताच. फोन केला नसता तर ॲक्रिलिक उसवून पुन्हा विणावं लागलं असतं, आणि उसवलेला धागा कुरळा राहतो, त्याची वीण पहिल्यासारखी बसत नाही. संपूर्ण हंगामातला सर्वांत फायद्याचा फोन हाच.

लॉटच्या बाबतीत असा फोन गेला नाही. का, हे मी विचारलं. मापाचा फरक सांगताना लाज वाटत नाही, रंगाचा फरक सांगताना "आपलंच चुकलं" असं वाटतं, हे त्यांचं उत्तर.

*लवकर आलेलं बाळ.* नोव्हेंबरची तारीख असलेली मुलगी सप्टेंबरच्या शेवटी, चौतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. बाळ नवजात अतिदक्षता विभागात. आजीचा फोन आला: "काकू, कांगारू पद्धतीनं बाळाला आईच्या छातीशी ठेवायला सांगितलंय. टोपी आणि मोजे हवेत. तुमचं झालंय का काही?"

काहीच झालं नव्हतं. संचाचा एक टाका घातलेला नव्हता, कारण सगळे दिवस मरून रंगात गेले होते. आणि झालं असतं तरी त्या बाळाला ते उपयोगाचं नव्हतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरतं. काकूंचं टोपडं त्याहून थोडं मोठंच, तीन महिने चालेल असं असतं. या बाळाचं डोकं नर्सनं मोजून सांगितलं ते ३१. नेहमीचं टोपडं डोळ्यांवर आलं असतं.

काकूंनी श्रग बाजूला ठेवला. पूर्ण संचाचा विचार सोडून फक्त टोपडं आणि पायमोजे हाती घेतले. टोपड्याला कडेपासून वरपर्यंत दोन सुलट दोन उलट, म्हणजे वीण ताणली जाते आणि डोकं वाढेल तसं टोपडं वाढतं. गोंडा नाही, गळ्याशी बांधायची फीत नाही, बटण नाही. पायमोज्यांच्या आतल्या बाजूला धाग्याची शेपटं त्या एरवीही बारीक ओवून घेतात, या वेळी भिंगाखाली बघून घेतली. मोज्यातला सुटा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो, विणणाऱ्यांना फारसा नसतो. सौम्य साबणानं धुऊन, सावलीत सुकवून, स्वच्छ पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही वस्तू रुग्णालयात पोचल्या. स्वेटर बारशाला देऊ, बाळ वजनानं वाढलं की माप घेऊन, असं ठरलं.

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या बाळंतविड्याचं मात्र बिनसलं. तो दहा दिवस उशिरा तयार झाला. तोवर त्या घरच्या आजींनी लक्ष्मी रस्त्यावरून तयार संच आणला होता. भांडण झालं नाही. "असू दे हो, तुम्ही कामात होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि संच घेतला नाही. त्यानंतर त्या घरातून फोन आलेला नाही.

*मदतनिसाचा प्रश्न.* दसऱ्याच्या सुमारास भाजीवालीची सून शेवटचे दोन श्रग द्यायला आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "काकू, दुकानात हा पंधराशेला लावणार म्हणं." काकूंनी तिला चहा दिला, उत्तर दिलं नाही. तिच्या हातात तासाला वीस रुपयेही पडत नव्हते. काकूंच्याही हातात फार वेगळं काही पडत नव्हतं, पण ते तिला सांगून तिचा प्रश्न सुटणार नव्हता.

निष्पत्ती

वीस श्रग वेळेत गेले. दोन लॉट मिसळलेले ते दोन श्रग आठवड्याभरात परत आले: "गिऱ्हाईक म्हणतं बाह्या वेगळ्या दिसतात." अठरांचे १३,५०० रुपये झाले. त्यातून लोकर ५,०००, मदतनिसांचे ४,९००, बटणं आणि रिक्षा ५०० वजा केले तर ३,१०० उरले. परत आलेले दोन श्रग ओळखीत पाचशे-पाचशेला गेले, म्हणून ४,१००. काकूंचे तास: स्वतःचे सहा श्रग, चौदांची जोडणी, खरेदीच्या फेऱ्या, दुरुस्त्या मिळून एकशेसत्तरच्या आसपास. तासाला २४ रुपये. ऑर्डर येण्याआधीही २४ च होते.

या ४,१०० मध्ये न धरलेल्या गोष्टी अशा: बाळंतविडा गेला, तो संच पुढे जानेवारीपर्यंत कपाटात पडून होता. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, डॉक्टरांनी कंडरेला सूज आहे म्हणून पट्टा बांधायला लावला आणि नोव्हेंबरमधे दोन आठवडे सुया हातात घ्यायला मनाई केली. विणकामाच्या धंद्यात नोव्हेंबर-डिसेंबर हा सुगीचा काळ. नेमक्या त्या दिवसांत हात बांधलेला. भाचीचा रॅप ख्रिसमसला पोचायचा होता, तो फेब्रुवारीत गेला. अशी जाळीची वीण विणून झाल्यावर ओली करून, गादीवर ताणून टाचण्या लावून सुकवावी लागते तेव्हा ती उघडते, आणि पट्टा बांधलेल्या हातानं तेही जमत नव्हतं.

दुकानाकडची ८,५०० रुपयांची बाकी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यायची होती. ती दोन चकरांनंतर जानेवारीत आली.

जमेच्या बाजूला आली ती एकच गोष्ट. लवकर आलेल्या बाळाच्या आजीनं त्या टोपड्याची हकिकत तिच्या भिशीत सांगितली. जानेवारी ते मार्च या काळात बाळांच्या संचांसाठी जे फोन आले, त्यांतले बरेच तिथून आलेले.

जानेवारीत आम्ही वही घेऊन बसलो. लोकर गुणिले तीन ही रीत सोडली. लोकर अधिक तास असा दर मांडला. संच १,५०० रुपयांचा झाला. लोकर आणि किरकोळ खर्च जाऊन तासाला ६३ सुटतात. काकूंना हा दर तोंडातून काढणं जड गेलं. पहिल्या काही गिऱ्हाइकांना त्या "बाराशे दिलेत तरी चालतील" असं आपणहून म्हणाल्या, तेव्हा सुनेनं दर छापील कार्डावर लिहून दिला. जुन्यांपैकी काहींनी पाठ फिरवली. पण श्रगचा दर असा दुप्पट करता येत नाही. श्रग बघताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर स्टॉलवरचा स्वेटर असतो. बाळंतविड्यातलं टोपडं बघताना समोर असतो नातवंडाचा फोटो, आणि तिथे घासाघीस होत नाही. एकसारखे वीस तास कुठे विकायचे याचं उत्तर एवढ्यावरच मिळालं.

आता काकू महिन्याला चारच संच घेतात. निम्मे पैसे आधी. वहीत प्रसूतीची तारीख लिहितात आणि तिच्या पाच आठवडे आधीची तारीख लाल शाईनं. टोपडं-मोजे त्या लाल तारखेला तयार, स्वेटर बाळाच्या जन्मानंतर मापानं. लोकर लुधियानाची ॲक्रिलिक बेबी लोकरच, कारण रोज धुवायला लागणाऱ्या वस्तूला ती सोयीची; खरी लोकर गरम पाण्यात पडली की आटून नमद्यासारखी घट्ट, जाड होते. मधे एका उत्साही आजोबांनी "आपल्या दख्खनी मेंढीची लोकर का वापरत नाही?" असं विचारलं. ती घोंगडीला उत्तम, पण बाळाच्या मानेला टोचेल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फोन आला त्या दिवशी तासांचा गुणाकार. बाकी सगळं त्यातून आपोआप लहान झालं असतं. माझ्या मते काकूंनी आठ श्रग घ्यायला हवे होते, मदतनीस न घेता. दुकानाची काच मिळाली असती आणि बाळंतविडेही वेळेत गेले असते. काकूंना हे पटत नाही. आठ मागितले असते तर दुकानदारीण बाई हसल्या असत्या, असं त्या म्हणतात. शक्य आहे.

लोकर एकदम, एकाच लॉटची. आगाऊ रक्कम हातात असताना तिचा उपयोग नेमका याच धोक्यासाठी होता. उरलीच असती तर बहुतेक लोकरवाले पट्टी न काढलेले गुंडे बदलून देतात. आधी विचारून घ्यायचं, एवढंच.

लेखी चिठ्ठी. वकिलाची गरज नाही. नग, दर, तारीख, आगाऊ, बाकी कधी, कोणत्या कारणानं परत घेणार, एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून "बरोबर आहे ना?" विचारलं आणि समोरून "हो" आलं तरी पुष्कळ काम भागतं.

उद्यम नोंदणी. छोट्या उद्योगांची ही सरकारी नोंदणी २०२० पासून सुरू आहे, संकेतस्थळावर आधारच्या साहाय्यानं फुकट होते, आणि घरी बसून विणणारी बाईही ती करू शकते. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. काकूंनी साडेआठ हजारांसाठी कुणाला कायदा दाखवला नसता, हे मला माहीत आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की दुकानाचा हिशेबनीस ते बिल वेगळ्या गठ्ठ्यात ठेवतो. नोंदणी आता केली आहे. जीएसटीचा प्रश्न मात्र नव्हता. वस्तू विकणाऱ्यांसाठी ४० लाखांची मर्यादा आहे आणि काकू तिच्या आसपासही नाहीत.

मदतनिसाच्या दरावर आमचं अजून एकमत नाही. भाजीवालीची सून आता काकूंसाठी बाळांची पांघरुणं विणते, जाड लोकरीची, साधारण ७५ बाय ९० सेंटिमीटरची. तिचा सैल हात तिथे कामाचा ठरला. घट्ट हाताचं पांघरूण पुठ्ठ्यासारखं होतं. एका पांघरुणाचे तिला ९०० मिळतात. तास तिनं कधी लिहून ठेवलेले नाहीत, म्हणून हा दर बरोबर आहे की नाही हे सांगता येत नाही. तिला एक वही द्या, असं मी काकूंना म्हटलं आहे. वही दिली तर ती दर वाढवून मागेल, हे काकूंच्या लक्षात आलेलं आहे, आणि पांघरुणाचा विक्रीचा दर अजून लोकर गुणिले तीनच आहे.